दहा मीटर अंतरावरचा बिंदू

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात एका पंजाबी नेमबाजाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या नगरीचे अन्नपाणी आम्ही अर्धे शतक घेतले, जिच्या सेक्टरांतून आमची मुले लहानाची मोठी झाली, तिच्या वैभवाचा एखादा अध्याय आपल्या भाषेत नोंदविलेला असावा, हे आम्हांस उचित वाटते. शिवाय ह्या कहाणीत मराठी नावे वाचकांच्या अपेक्षेहून अधिक आहेत.

चंडीगढ ही मुळात तरुण नगरी. कोल्हापूरच्या तालमींना किंवा पुण्याच्या आखाड्यांना जशी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, तशी येथे असणे शक्यच नव्हते. येथील रस्तेदेखील स्वातंत्र्योत्तर काळात कागदावर आखून मग जमिनीवर उतरविलेले. असे असूनही ह्या नगरीने देशाला कपिल देव दिले, आणि मिल्खासिंग ह्यांनी आपले उत्तरायुष्य येथेच व्यतीत केले. मिल्खासिंग 1960 साली रोम येथे चारशे मीटरच्या शर्यतीत चौथे आले, आणि ती चौथी जागा 2021 मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांच्या मनातून गेली नाही. ह्या चौथ्या जागेचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे.

अभिनव बिंद्रा ह्यांचा जन्म 28 सप्टेंबर 1982 रोजी देहरादून येथे झाला. शिक्षण काही काळ तेथील दून स्कूलमध्ये व पुढे चंडीगढच्या सेंट स्टीफन्स शाळेत झाले. लेफ्टनंट कर्नल ढिल्लाँ हे त्यांचे पहिले गुरू. झिरकपूरजवळच्या घराच्या आवारात वडिलांनी मुलासाठी नेमबाजीचे स्वतंत्र दालन उभारून दिले. ही गोष्ट पुष्कळ जण किंचित नापसंतीने सांगतात, व ते अगदीच अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. त्या प्रवासातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्तीतील कांस्यपदक, घरी आले. एकाच्या दारात साधने, तर दुसऱ्याच्या वाट्याला उसनवारी! परंतु साधने हाताशी असलेली मुले आपल्या देशात कधीच दुर्मीळ नव्हती. दालनाचे दार लावून घेऊन दिवसचे दिवस एकाच बिंदूकडे पाहत उभा राहणारा मुलगा मात्र दुर्मीळच म्हणावा लागेल.

ह्या खेळाचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. दहा मीटर अंतरावरील लक्ष्याच्या मध्यभागी, दहा गुणांसाठी, जो ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे लक्ष्यापेक्षा बाणच मोठा. पुरुषांना साठ वेळा नेम धरावयाचा असे, आणि सहाशेपैकी पाच-सहा गुण जरी गेले तरी अंतिम फेरीचे दार बंद होऊ शके. येथे धावणे नाही, झुंजणे नाही. जाड ताठर पोशाखात उभे राहून श्वास आवरावयाचा, आणि छातीच्या ठोक्याने बंदूक हलते तेवढेही हलणे टाळावयाचे. प्रेक्षकाला ह्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते, हे कबूल केले पाहिजे.

1998 साली क्वालालंपूर येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत बिंद्रा उतरले, तेव्हा त्यांना सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले. अंतिम फेरी पहिल्या आठांची. त्याच सिडनीत मुंबईच्या अंजली भागवत ह्यांनी महिलांच्या एअर रायफल प्रकारात अंतिम फेरी गाठून आठवे स्थान मिळविले. भारतीय नेमबाजही त्या शेवटच्या आठांत उभे राहू शकतात, ही गोष्ट प्रथम एका मराठी स्त्रीने सिद्ध केली, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. दोन वर्षांनी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंजलीताईंनी चार सुवर्णपदके जिंकली, पैकी एक सुमा शिरूर ह्यांच्या जोडीने. बिंद्रा ह्यांनीही तेथे दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले, आणि त्यांचे जोडीदार होते समीर आंबेकर.

2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बिंद्रा 597 गुण मिळवून तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले, आणि तेथे सातवे आले. त्यांच्या पायाखालची फरशी सैल होती, असे पुढे निष्पन्न झाले. दुसरा एखादा त्या फरशीला आयुष्यभर दोष देत बसला असता. ह्यांनी सरावातच तशी सैल फरशी पायाखाली घेतली! पुढे पाठीच्या दुखण्याने त्यांना बरेच दिवस बंदूक उचलू दिली नाही. तरीही 2006 साली झाग्रेब येथे ते विश्वविजेते झाले. स्वित्झर्लंडच्या गाबी ब्यूलमान ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी चालली होती. बीजिंगपूर्वी काही दिवस ते जर्मनीत एका चाळीस फूट उंच खांबावर चढून आले, मनातली भीती ओळखीची व्हावी म्हणून.

11 ऑगस्ट 2008. प्राथमिक फेरीत 596 गुणांसह बिंद्रा चौथे होते. आघाडीवरील फिनलंडचे हेन्री हॅकिनेन त्यांच्या दोन गुण पुढे. अंतिम फेरीपूर्वी चाचणीचा पहिला छर्रा झाडला, तो लक्ष्याच्या मध्यापासून फार दूर, चाराच्या वर्तुळात पडला. बंदुकीची दृष्टीच बिघडलेली! हाती असलेल्या मोजक्या मिनिटांत त्यांनी ती पुन्हा जुळविली. मग दहा नेम झाले, आणि दहांतला एकही दहाच्या खाली गेला नाही. नऊ नेमांनंतर बिंद्रा आणि हॅकिनेन दोघेही 689.7 वर होते. अखेरच्या नेमात हॅकिनेन ह्यांना 9.7 मिळाले, बिंद्रा ह्यांना 10.8. एकूण 700.5. चीनचे झू चिनान 699.7 गुणांसह दुसरे. भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक असे आठ दशांश गुणांच्या अंतराने आले. पदक गळ्यात पडले तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ फारशी हलली नाही, ह्याचे पुष्कळांना नवल वाटले. आम्हांला ते स्वाभाविक वाटते. ज्याने हलू नये म्हणून बारा वर्षे साधना केली, त्याने त्या क्षणी उड्या कशा माराव्या?

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगतो. 2012 साली लंडनमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले नाहीत. 2013 पासून नियम बदलले. प्राथमिक फेरीचे गुण अंतिम फेरीत जमेस धरणे बंद झाले, आणि तेथे प्रत्येकाने शून्यापासून प्रारंभ करावयाचा, असे ठरले. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला ही घडी पुन्हा बसविणे सोपे नसते. त्यांनी ती बसविली, आणि 2014 साली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत, ह्या प्रकारातले वैयक्तिक सुवर्णपदक प्रथमच जिंकले. 2016 साली रिओ येथे संचलनात देशाचा ध्वज त्यांच्या हाती होता. तेथील अंतिम फेरीत युक्रेनच्या सेर्ही कुलिश ह्यांच्याशी बरोबरी झाली, आणि ती फोडण्यासाठी एकच नेम घ्यावयाचा होता. कुलिश 10.5, बिंद्रा 10.0. चंडीगढच्या वाट्याला दुसऱ्यांदा चौथी जागा आली. त्याच वर्षी त्यांनी स्पर्धात्मक नेमबाजीचा निरोप घेतला. 2018 साली आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा सर्वोच्च 'ब्लू क्रॉस' सन्मान आणि 2024 साली ऑलिंपिक ऑर्डर त्यांना मिळाली.

खाशाबांच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास बहात्तर वर्षे जावी लागली. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, मध्य रेल्वेत नोकरी करणारे स्वप्निल कुसाळे ह्यांनी पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्यांना घडविणाऱ्या दीपाली देशपांडे, 2004 साली अथेन्सला गेलेल्या भारतीय नेमबाजी संघात होत्या. त्याच अथेन्समध्ये, जेथे बिंद्रा सैल फरशीवर उभे होते.