गेलेली वडीलधारी माणसे

ग्रामदैवत श्री भैरवनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावकरी, माहेरवाशिणी व मुंबई-पुण्याची मंडळी यांच्या सहकार्याने तडीस गेला व कलशारोहणाचा दिवस उजाडला, ही समस्त गावाच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होय. देणगीदारांची नावे रकमेसह या पुस्तिकेत दिलेली आहेतच. परंतु ज्यांनी या देवळाचा ध्यास घेतला, ज्यांच्या पायांनी जुन्या पायऱ्या गुळगुळीत झाल्या, अशी कितीतरी वडीलधारी माणसे हा सोहळा पाहावयास राहिली नाहीत. गेल्या काही वर्षांत गावातील एक पिढीच्या पिढी निघून गेली. त्या पिढीची थोडी हकीकत नोंदवून ठेवावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. यात नावे घेतलेली नाहीत. चार नावे लिहिली म्हणजे पाचवे राहून जाते, आणि गावात ते वर्षानुवर्षे बोलले जाते.

यांपैकी बरेच जण २०२० व २०२१ या दोन सालांत गेले. सर्वच साथीच्या रोगाने गेले असे नव्हे. काही वयोमानाने गेले, काही जुन्या आजाराने गेले. पण मरण कोणतेही असो, निरोप मात्र सर्वांना एकाच तऱ्हेचा मिळाला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि अंत्यविधीस वीस माणसांच्या वर जमण्यास मनाई झाली. ज्या माणसाने हयातभर गावातील प्रत्येक मयताला खांदा दिला, त्याला मोजकी चार घरची माणसे घेऊन गेली. मुंबईच्या मुलांना वेळेवर पोहोचता आले नाही. दहाव्याला भावकी जमली नाही, भजन झाले नाही. एरवी देवळापुढून प्रेतयात्रा जाऊ लागली म्हणजे गुरव दार ओढून घेतात. त्या काळात दार आधीच बंद होते. त्या वर्षी पंढरीच्या पालख्यादेखील ३० जून रोजी एस.टी.ने पंढरपुरास न्याव्या लागल्या. राज्यातील देवळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्या दिवशी उघडली. ती पुढील एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस पुन्हा उघडली. पारावर नेहमी बसणारी माणसे त्या दिवशी कोण कोण कमी झाली, हे गावाने तेव्हा प्रथम एकदम पाहिले.

ही सर्व माणसे साधारण १९३० ते १९४० च्या दरम्यान जन्मलेली होती. नेमकी तारीख विचारली तर बहुतेकांची १ जून निघते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली, ती पुढे पेन्शनच्या अर्जापर्यंत चालत आली. घरात जन्मसालाची आठवण मात्र निराळ्याच खुणेने ठेवलेली असे : विहिरीला पाणी लागले ते वर्ष, पटकी आली ते वर्ष, थोरला बैल दरीत पडला ते वर्ष. श्रावणबाळ योजनेसाठी वय सिद्ध करावयाची वेळ आली तेव्हा यातील एकही खूण कागदावर चालली नाही.

माण तालुका हा पर्जन्यछायेतला. पश्चिमेकडे महाबळेश्वर-कोयनेला धो धो कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत रिकामा होतो. माणगंगा वर्षातले बरेच दिवस कोरडी असते. बाजरी, मटकी, थोडी ज्वारी, मेंढरे आणि खिलार जनावरे यांवर या पिढीचे बालपण गेले. ही पोरे दहाबारा वर्षांची असतील नसतील, तोच शेजारच्या खटाव तालुक्यात वडूज येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला व परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा काळ आला. रात्री अनोळखी माणूस दारी आला तर त्याला भाकरी द्यावयाची व नाव विचारावयाचे नाही, ही शिकवण या मंडळींना लहानपणीच मिळाली. पुष्कळांनी ती शेवटपर्यंत पाळली.

कुळकायद्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ हे कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु कायदा झाला म्हणून जमीन आपसूक घरी चालत आली नाही. कूळ म्हणून नाव लागलेले असावे लागे, कलम ३२-ग खाली चौकशी होई, किंमत ठरे, ती हप्त्यांनी भरावी लागे, आणि सर्व भरणा झाल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळे. एकेका घराला यासाठी वर्षानुवर्षे तालुक्याला हेलपाटे घालावे लागले. पहाटे निघून पायी जावयाचे, तारीख पुढे गेली की दिवे लागणीला परत यावयाचे. माळावरच्या वस्तीवरील एका आजोबांनी हप्त्यांच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत, देवाच्या टाकांशेजारी ठेवल्या होत्या. जमीन नावावर होऊन पन्नास वर्षे उलटली तरी दर दिवाळीला ते त्या पावत्या उन्हात घालीत. घरच्या पोरांना हसू येई. ज्याने बारा एकर दुसऱ्याच्या नावावर कसले आहेत, त्याला ते हसू येत नाही.

शेतीवर भागत नाही म्हणून प्रत्येक घरातील एक तरी पोरगा मुंबईस गेला. लालबाग-परळच्या गिरण्यांत बदलीवर लागावयाचे, गावच्या खोलीत पाळीपाळीने झोपावयाचे, खानावळीत जेवावयाचे आणि महिन्याला मनिऑर्डर करावयाची. आज ज्या मुंबईकर मंडळींनी सढळ हाताने देणग्या दिल्या आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे वडील याच खोल्यांत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि माणसे बिछाना गुंडाळून गावी आली. पंचेचाळिशीच्या घरात आलेल्या माणसाने पुन्हा नांगर धरणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांतील काहींना गावाने त्या वेळी नावे ठेवली, हेही खरे आहे. संपाने मोडून आलेल्या या माणसांपैकी दोघातिघांनी पुढे देवळातील भजनाची बारी चालविली, पेटी व पखवाज आणला. गावात आज जे भजन टिकले आहे ते त्यांच्यामुळे.

या सर्वांहून मोठी खूण म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. त्या पिढीतील माणसाजवळ बसावे आणि कोणताही विषय काढावा, बोलणे फिरून बहात्तरवर येई. आधीची एक-दोन वर्षे पाऊस ओढ देत होता, आणि १९७२ साली त्याने पाठच फिरविली. विहिरींचे तळ दिसू लागले. दावणीची खिलार जनावरे मिळेल त्या भावाने गेली, काही गोठ्यातच बसली ती उठली नाहीत. त्या वेळी मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. सरकारने गावोगाव कामे काढली : पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. वि. स. पागे यांनी विसापूरच्या प्रयोगातून पुढे आणलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात राज्यभर गेली. तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

आकडे हे असे. गावाच्या बाजूने पाहिले तर चित्र असे की, ओढ्यावरच्या पाझर तलावाच्या भरावावर अख्खे गाव पाट्या टाकीत होते. पाटलाची सून आणि मजुराची सून एका ओळीत होत्या. पोटाला अमेरिकेचा मिलो होता. त्याची भाकरी तांबूस होई व थापताना तुटे. कामावर सुकडी मिळे. ती आया स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून पोरांसाठी आणीत. आज साठीला आलेल्या कोणालाही सुकडीची चव विचारावी, त्याच्या डोळ्यांत काय दिसते ते पाहावे. तो तलाव अजून आहे. गाळाने निम्मा भरला आहे, पण खालच्या विहिरींना त्याचे पाणी लागते.

देवळाचा जुना पत्र्याचा सभामंडप दुष्काळ ओसरल्यावर उभा राहिला, तो याच माणसांच्या अंगमेहनतीने. त्यांच्याजवळ देण्यास पैसा नव्हता. घरटी एक माणूस आठवड्यातून एक दिवस, असे ठरले होते. भरावावर कमावलेल्या सवयीने बायांनी दगड-माती वाहिली. चुना मळण्यासाठी घाणी होती, तिला बैल हवेत. बैल राहिले नव्हते, म्हणून माणसांनी ती ओढली, असे जुनी मंडळी सांगत. आता जीर्णोद्धारात जुने बांधकाम उतरविताना त्या चुन्याचे सांधे पहारीला दाद देत नव्हते. ठेकेदाराच्या कामगारांचे दोन दिवस जास्त मोडले.

यात गावातील सर्वच आळ्या आल्या असे म्हणणे मात्र खोटे होईल. १९५६ साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर पलीकडच्या वस्तीतील मंडळींनी गावकीची पिढीजात कामे सोडली. कनिष्ठ वतने कायद्याने १९५९ साली रद्दच झाली. गावाने त्या वेळी ते समजूतदारपणे घेतले नाही. ज्या वस्तीने पिढ्यान् पिढ्या या देवळाच्या जत्रेत राबावे आणि पायरीच्या खाली उभे राहावे, तिने देवळाकडे पाठ फिरविली यात तिचा दोष काढता येत नाही. त्या वस्तीतील एक आजोबा रेल्वेत नोकरी करून परत आले व गावातल्या कितीतरी पोरांना, कोणत्याही आळीच्या, त्यांनी अर्ज लिहावयास शिकविले. तेही याच काळात गेले. त्यांचे स्मरण देवळाच्या पुस्तिकेत करावे की नाही यावर चर्चा झाली. त्यांच्या घरच्यांनी हरकत घेतली नाही, म्हणून एवढे लिहिले आहे.

आता नावांच्या पाटीविषयी. प्रदक्षिणेच्या मार्गावर दिवंगत ज्येष्ठांच्या नावांचा एक दगड बसवावा, असे बैठकीत ठरले. ज्यांनी एक रुपयाही दिला नाही त्यांची नावे देणगीदारांच्या शेजारी कशी, असा प्रश्न एक-दोघांनी विचारला. त्याचे उत्तर घाणीच्या हकीकतीत आलेले आहे. पुरुषांची नावे आठ दिवसांत जमा झाली. अडचण आली ती बायकांच्या नावांची.

घरोघरी कागद फिरविला तेव्हा बऱ्याच घरांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची आजी', नाहीतर माहेरच्या गावावरून पडलेले नाव लिहून दिले. खरे नाव नातवांना ठाऊक नव्हते. ही तऱ्हा याच गावची आहे असे नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, बायकांनी परक्याला स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको एवढेच सांगितले, आणि देशभरात सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून वगळाव्या लागल्या. गावात शेवटी दप्तरे धुंडाळावी लागली. काही नावे शिधापत्रिकेत सापडली, काही मतदारयादीत. काही तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, गाव नमुना ६-क मध्ये सापडली. तेथे नवरा मयत झाल्यावर मुलांच्या बरोबर बाईचे नाव एकदा लिहिले जाते आणि पुढे जमिनीवर राहतेच असे नाही. दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर ही सर्व नावे होती. मुकादम रोज सकाळी ती मोठ्याने पुकारी, आणि सासऱ्यादेखत सुनेचे नाव चारचौघांत निघण्याचा तो पहिलाच प्रसंग, म्हणून पुष्कळ म्हाताऱ्या ते हसून सांगत. ते हजेरीपट आता कोठे मिळावयाचे नाहीत.

नाव सापडले तरी प्रश्न संपत नाही. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने प्रत्येकीला दोन नावे. खालच्या आळीतील एका घरात यावरून बहीण-भावांत थोडा वाद झाला. मुलगे म्हणाले, सासरचे नाव कागदोपत्री आहे, तेच घालावे. मुली म्हणाल्या, आईला तिच्या नावाने हाक मारणारी तिची धाकटी बहीण तेवढी आता उरली आहे. ती गेली की ते नाव गेले. पाथरवटाची मजुरी अक्षरावर असते, हाही मुद्दा निघाला. मुलींनी त्या जादा अक्षरांचे पैसे आपल्या पदरचे दिले व दोन्ही नावे कोरली गेली. ते पाहून आणखी अकरा घरांनी तसेच केले.

दगडावर खालच्या बाजूस काही जागा मोकळी ठेवली आहे. पाथरवट जत्रेनंतर पुन्हा येणार आहे. ज्या घरांतून आजीचे नाव अद्याप आलेले नाही, त्यांनी ते घरातील व माहेरच्या जुन्या माणसांना विचारून तोवर गुरवांकडे लिहून द्यावे. नाव स्वच्छ अक्षरात लिहावे, आणि माहेरचे गाव आठवत असल्यास तेही लिहावे.