गोव्यातील पट्टेरी वाघ : पाहुणा की रहिवासी?

गोव्याच्या पूर्व सीमेवरील सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील रानांत पट्टेरी वाघ वावरतो, असे तेथील गावकरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. शासनाचे म्हणणे मात्र दीर्घकाळ वेगळे होते. गोव्यात वाघाचे कायम वास्तव्य नाही, शेजारच्या कर्नाटकातून एखादा वाघ वाट चुकून येतो आणि परत जातो, ही भूमिका राज्यकर्त्यांनी आणि अधिकाऱ्यांनी वेळोवेळी मांडली. वाघ 'पाहुणा' की 'रहिवासी' हा वाद वरवर शब्दांचा वाटला तरी त्याच्या उत्तरावर जंगलाचा कायदेशीर दर्जा, खाणी व अन्य प्रकल्पांचे भवितव्य आणि वनवासी कुटुंबांचे हक्क अवलंबून आहेत. या वादाचा हा मागोवा.

जंगलाची रचना

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पूर्व कडेने सह्याद्रीची रांग जाते आणि या रांगेत संरक्षित वनांची जवळपास सलग साखळी आहे. उत्तरेकडे म्हादई अभयारण्य, मध्यभागी भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान, त्याखाली नेत्रावळी आणि दक्षिण टोकाला खोतीगाव. या सर्वांचे मिळून क्षेत्र सुमारे ७४५ चौरस किलोमीटर भरते. म्हादई व नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये, राष्ट्रपती राजवटीच्या काळात, तत्कालीन राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत जाहीर झाली.

ही साखळी राज्याच्या हद्दीपाशी संपत नाही. पूर्वेला बेळगाव जिल्ह्यातील भीमगड अभयारण्य आहे आणि आग्नेयेला काळी व्याघ्र प्रकल्प आहे. काळी प्रकल्प २००७ मध्ये दांडेली-अणशी या नावाने घोषित झाला होता. उत्तरेकडे महाराष्ट्रातील दोडामार्ग, तिळारी आणि आंबोलीची राने आहेत. त्यांच्याही पलीकडे राधानगरी आणि चांदोली व कोयना मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वाघाच्या दृष्टीने हे सर्व एकच रान आहे. राज्यांच्या सीमा माणसांनी आखल्या आहेत.

लोकस्मृतीतील वाघ

गोव्याच्या ग्रामीण भागात वाघ हा देव आहे. 'वाघ्रो' या नावाने त्याची पूजा होते आणि वाघाच्या जुन्या पाषाणमूर्ती आजही अनेक ठिकाणी आढळतात. सत्तरीतील केरीजवळच्या डोंगराचे नाव वाघेरी आहे, तर फोंडा तालुक्यातील एका गावाचे नाव वाघुर्मे. गुराख्यांमध्ये वाघबारस पाळण्याची प्रथा आहे. ही नावे आणि प्रथा आजच्या वाघाचा पुरावा ठरत नाहीत. मात्र या भागाला वाघ परका नव्हता, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

गावकऱ्यांच्या सांगण्यावर शंका घेण्यास एक कारण भाषेतच होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर 'वाघ' हा शब्द बिबट्यासाठीही सर्रास वापरला जातो. 'बिबळ्या वाघ' आणि 'पट्टेरी वाघ' असा भेद बोलताना प्रत्येक वेळी केला जाईलच असे नाही. त्यामुळे 'वाघ पाहिला' या तक्रारीची नोंद अनेकदा 'बिबट्या असावा' एवढ्यावर संपत असे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, क्षणभर दिसलेल्या जनावराबाबत अशी गल्लत होऊ शकते, हेही खरे आहे. परंतु ज्याची गुरे रोज रानात चरतात त्याला दोन्ही जनावरांतील फरक कळत नाही, असे गृहीत धरणे हे दुसऱ्या टोकाचे चुकीचे होते.

२००९ : केरीची घटना

या वादाला पहिले गंभीर वळण २००९ मध्ये मिळाले. सत्तरीतील केरी परिसरात एका वाघाची शिकार झाल्याचे उघडकीस आले. मृत वाघाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि पर्यावरण कार्यकर्ते राजेंद्र केरकर यांनी हे प्रकरण लावून धरले. ज्या राज्यात वाघच नाही असे सांगितले जात होते, तेथे वाघाची हत्या झाली होती. जिवंत वाघाची दखल घेतली गेली नव्हती. मेलेल्या वाघामुळे ती घेणे भाग पडले.

त्यानंतर २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी म्हादई अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याची सूचना गोवा सरकारला केली. २०१३ मध्ये म्हादईच्या जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्टेरी वाघाचे छायाचित्र मिळाले. २०१६ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने म्हादई व लगतच्या क्षेत्रांचा व्याघ्र प्रकल्प करण्याबाबत राज्याला लिहिले. राज्याकडून अधिसूचना निघाली नाही.

मोजणी कशी होते

भारतात पूर्वी वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून होत असे. प्रत्येक वाघाचा ठसा ओळखता येतो, या समजुतीवर ही पद्धत आधारलेली होती. राजस्थानातील सरिस्का प्रकरणाने तिची मर्यादा उघड केली. तेथे कागदोपत्री वाघ दाखवले जात होते, पण २००५ मध्ये शोध घेतला असता जंगलात एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. सरिस्कात वाघ नोंदीत होता आणि रानात नव्हता. गोव्यात नेमकी उलट स्थिती होती.

त्यानंतर देशात दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने व्याघ्रगणना होऊ लागली. रानातील वाटांच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बसवले जातात. समोरून उष्ण शरीराचा प्राणी गेला की ते आपोआप छायाचित्र घेतात. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. त्यामुळे दोन्ही कुशींची छायाचित्रे मिळाली की तो विशिष्ट वाघ ओळखता येतो आणि पुढे तो दुसरीकडे आढळल्यास त्याचा प्रवासही कळतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ मध्ये छायाचित्रित झालेला एक वाघ २०२० मध्ये काळी व्याघ्र प्रकल्पात आढळल्याची नोंद याच पद्धतीने झाली. विष्ठेतील जनुकीय द्रव्याची तपासणी हा दुसरा खात्रीचा मार्ग आहे.

राष्ट्रीय गणनेच्या २००६ आणि २०१० च्या तक्त्यांत गोव्याच्या नावापुढे वाघांचा आकडा नव्हता. २०१४ मध्ये तेथे ५ वाघांची नोंद झाली, २०१८ मध्ये ३ आणि २०२२ मध्ये पुन्हा ५. आकडे लहान आहेत. तथापि ते शून्य नाहीत.

२०२० : गोळावली

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे काही दिवसांच्या अंतराने चार वाघांचे मृतदेह सापडले. एक वाघीण आणि तिचे तीन बछडे असे हे संपूर्ण कुटुंब होते. पाळीव जनावरे मारली गेल्यानंतर जनावराच्या मृतदेहावर विष टाकण्यात आले आणि ते खाऊन वाघ दगावले, असे तपासात पुढे आले. स्थानिक पशुपालक कुटुंबातील काही जणांना अटक झाली.

या घटनेने वाघ 'पाहुणा' असल्याच्या युक्तिवादाला मोठा धक्का बसला. एकटा नर वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. पिलांसह असलेल्या वाघिणीचे तसे नसते. बछडे साधारण दीड ते दोन वर्षे आईसोबत राहतात. त्यांना वाढवण्यासाठी पाणी, आडोसा आणि पुरेशी शिकार असलेले एकच क्षेत्र वाघिणीला लागते. जेथे वाघीण तीन पिले वाढवते, ते तिचे घर असते.

घटनेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अभयारण्यात राहणाऱ्या पशुपालकासाठी एक दुभती म्हैस मरणे म्हणजे घराचे उत्पन्न बुडणे. नुकसानभरपाई वेळेवर मिळत नाही, ही अशा भागांतील जुनी तक्रार आहे. येथे वाघ नाही, असे जेव्हा अधिकृतपणे म्हटले जाते, तेव्हा वाघामुळे होणारे नुकसानही कोणाच्या खाती जमा होत नाही. गुरांसाठी भक्कम गोठे, तातडीचा पंचनामा, गस्त आणि गावकऱ्यांशी संवाद या गोष्टी वाघाचे अस्तित्व मान्य केल्यावरच सुरू होतात. नकाराची किंमत वाघ आणि पशुपालक या दोघांनीही मोजली.

न्यायालयातील लढा

गोळावलीच्या घटनेनंतर गोवा फाउंडेशन या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका दाखल केली. व्याघ्र प्राधिकरणाची शिफारस राज्यावर बंधनकारक आहे की नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. न्या. महेश सोनक आणि न्या. भारत देशपांडे यांच्या पीठाने २४ जुलै २०२३ रोजी निकाल दिला. म्हादई आणि लगतची क्षेत्रे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करावीत, शिकार रोखण्यासाठी ठाणी उभारावीत आणि अनुसूचित जमाती व अन्य वनवासींचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करावेत, असे आदेश न्यायालयाने दिले.

गोवा सरकारने या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. राज्य लहान आहे, अभयारण्यांत अनेक गावे आहेत आणि हजारो लोकांवर परिणाम होईल, असे सरकारचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न केंद्रीय सक्षम समितीकडे अभ्यासासाठी सोपवला. समितीने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात व्याघ्र प्रकल्प टप्प्याटप्प्याने करण्याची आणि काळी प्रकल्पाला लागून असलेली, तुलनेने कमी वस्तीची क्षेत्रे आधी घेण्याची शिफारस केली.

विरोध कशासाठी?

व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात नवे प्रकल्प आणणे कठीण होते. गोव्याच्या पूर्व भागात लोहखनिजाच्या खाणींचा इतिहास मोठा आहे. मोले परिसरातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी नेण्याच्या प्रस्तावांवरून २०२० पासून मोठे जनआंदोलन झाले. म्हादई नदीचे पाणी वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात असलेला तंटाही याच खोऱ्यातील आहे. व्याघ्र प्रकल्प झाल्यास पाणी वळवण्याविरुद्धची गोव्याची बाजू बळकट होईल, असा त्याच्या समर्थकांचा दावा आहे.

गावकऱ्यांची भीती निराळी आहे. विस्थापन होईल, काजूच्या बागा आणि शेती जाईल, जळणासाठी रानात जाता येणार नाही, अशी धास्ती सत्तरीत व्यक्त होते. कायद्यानुसार गाभा क्षेत्रातील पुनर्वसन संमतीशिवाय करता येत नाही आणि त्याआधी वनहक्कांची निश्चिती आवश्यक असते. बफर क्षेत्रात वस्ती व उपजीविका चालू राहू शकते. परंतु ज्यांचे वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे प्रलंबित आहेत, त्यांना कायद्यातील तरतुदीवर विश्वास ठेवणे अवघड जाते. ही शंका दूर करण्याचे काम न्यायालयाच्या आदेशाने होणारे नाही. ते प्रशासनाला गावात जाऊनच करावे लागेल.

अन्यत्र काय घडले

लोकांना दिसणारा आणि अधिकाऱ्यांना मान्य नसलेला प्राणी ही केवळ गोव्याची गोष्ट नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातील प्यूमा नामशेष झाल्याचे तेथील केंद्रीय वन्यजीव विभागाने मार्च २०११ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी जून महिन्यात कनेक्टिकट राज्यात मोटारीच्या धडकेने एक नर प्यूमा मेला. तो कोणी पाळलेला असावा, असे आधी मानले गेले. जनुकीय तपासणीत तो दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्स येथील वन्य प्राणी असल्याचे आणि अडीच हजार किलोमीटरच्या आसपास चालत आल्याचे निष्पन्न झाले. हा मात्र खरोखरच पाहुणा होता. तेथे मादी आणि पिले यांचा मागमूस नव्हता.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील बॉडमिन माळाचे आहे. तेथे काळे मोठे मांजरकुळातील जनावर दिसल्याच्या तक्रारी आल्यावर १९९५ मध्ये सरकारने चौकशी केली. ठोस पुरावा मिळाला नाही. त्यानंतर लगेच एका मुलाला नदीत बिबट्याची कवटी सापडली. ती बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्यातील असल्याचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या तपासणीत आढळले. कवटीच्या आत उष्ण प्रदेशातील झुरळाचे अंडकोश होते.

या दोन्ही घटनांचा बोध एकच आहे. लोकांचे सांगणे हा पुरावा नव्हे, पण तो तपास सुरू करण्यास पुरेसा आधार असतो. तपास केल्यावर बॉडमिनचा दावा टिकला नाही आणि कनेक्टिकटचा प्यूमा वन्य ठरला. गोव्यात छायाचित्रे, राष्ट्रीय गणनेतील नोंदी आणि वाघीण व तिच्या पिलांचे मृतदेह असा तिहेरी पुरावा उपलब्ध आहे. सत्तरीतील गावकऱ्यांचे म्हणणे खरे होते. ते मान्य होईपर्यंत किमान पाच वाघांचा बळी गेला.