हा लॅपटॉप कोणाचा?

#थ्रेड

१/
गेल्या महिन्यात प्रबंधाच्या कामासाठी एक जुना थिंकपॅड विकत घेतला. कोण्या कार्यालयात काही वर्षे राबून बाजारात आलेला. खालच्या बाजूस मालमत्ता-क्रमांकाची चिकटपट्टी खरवडल्याची खूण होती. घरी आणून सुरू केला, तर पडद्यावर एक अनोळखी आडनाव आणि पासवर्डसाठी रिकामी चौकट. पैसे मी मोजले होते. यंत्र मात्र अजून जुन्याच माणसाची वाट पाहत होते.

२/
असे यंत्र घरच्या वापरासाठी तयार करायचे म्हणजे आधीच्या मालकाला तीन ठिकाणांहून निरोप द्यायचा : डिस्कवरून, मदरबोर्डवरील चिपमधून आणि दूरच्या एखाद्या नोंदवहीतून. या तिन्ही जागा एकाच वेळी निर्माण झाल्या नाहीत. त्यांच्या मागे सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो कुलपाचा इतिहास आहे.

३/
आरंभ खऱ्याखुऱ्या कुलपापासून. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी-एटी या संगणकाच्या दर्शनी भागावर चक्क किल्लीचे कुलूप होते. किल्ली फिरवली की कीबोर्ड निकामी होई आणि पेटीही उघडत नसे. ज्याच्या खिशात किल्ली, तो मालक. व्यवहार सोपा होता. विकताना किल्ली हाती दिली की संपले.

४/
१९८७ च्या पीएस/२ मालिकेत किल्लीच्या जोडीला यंत्र सुरू करतानाचा पासवर्ड आला. तो ज्या स्मृतीत राही, तिला एका लहानशा बॅटरीचा आधार असे. बॅटरी काढून ठेवली की यंत्र पासवर्ड विसरून जाई. लॅपटॉपच्या बाबतीत ही पळवाट महाग पडणारी होती. लॅपटॉप प्रवासात चोरीला जातो आणि चोराकडे स्क्रू-ड्रायव्हर असतोच.

५/
इथे थिंकपॅडविषयी थोडे विषयांतर. पहिला गाजलेला थिंकपॅड, ७००सी, ऑक्टोबर १९९२ चा. काळी चौकोनी पेटी, कीबोर्डच्या मधोमध लाल टिंब. त्याचे रूप घडवण्यात जर्मन अभिकल्पक रिचर्ड झापर यांचा मोठा वाटा. कल्पना जपानी बेन्तो डब्यावरून सुचलेली. नाव आले ते आयबीएमचे कर्मचारी खिशात बाळगत त्या 'थिंक' असे छापलेल्या टिपणवहीवरून. हे यंत्र मुळातच नोकरदारासाठी घडवलेले होते : टिकाऊ, दुरुस्तीला सोपे आणि कंपनीच्या ताब्यात राहणारे. २००५ मध्ये आयबीएमचा हा व्यवसाय लेनोव्होकडे गेला, तरी स्वभाव फारसा बदलला नाही. जुन्या बाजारात आजही त्याला मागणी आहे, ती याच गुणांमुळे.

६/
'कंपनीच्या ताब्यात' हे शब्द जपून वाचावेत. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरीवर अवलंबून नसतो, तो मदरबोर्डवरील स्वतंत्र चिपमध्ये नोंदलेला असतो. बॅटरी काढा, डिस्क बदला, तो हलत नाही. अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदलणे. म्हणून जुना लॅपटॉप घेताना मी आता पहिली गोष्ट हीच करते : दुकानातच सुरू करून बायोसमध्ये शिरायचे. तिथे पासवर्ड मागितला तर पैसे खिशातच ठेवायचे. लॅमिंग्टन रोड असो वा दिल्लीचे नेहरू प्लेस, हा नियम सारखाच लागू.

७/
दुसरी जागा डिस्कची. माझ्या यंत्राला पासवर्ड होता खरा. पण मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि डिस्क विनासायास उघडली. लॉगिनचा पासवर्ड दाराचा पहारेकरी असतो, भिंत नव्हे. डिस्क कूटबद्ध केलेली असती, तर त्या वाटेनेही काही वाचता आले नसते. इथे तसे काही केलेले नव्हते. पगारपत्रके, कुटुंबाची छायाचित्रे, 'राजीनामा अंतिम' नावाची एक फाइल.

८/
आता इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून कबुली देते : हात शिवशिवले. आपली सारी विद्या दुसऱ्यांच्या कागदांवर उभी आहे. राजवाडे यांनी जुन्या घरांतून मिळवलेल्या कागदांमधून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. १८९८ पासून त्याचे बावीस खंड निघाले. त्या पत्रलेखकांपैकी कोणी परवानगी दिली होती? पण ते लेखक केव्हाच काळाआड गेले होते. माझ्या लॅपटॉपचा माणूस कदाचित याच शहरात सकाळी बस पकडत असेल. राजीनाम्याची फाइल मी उघडली नाही.

९/
हा माझ्या एकटीचा प्रसंग नव्हे. सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलट या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या. ६९ डिस्कवरील फाइली परत मिळवता आल्या. ४९ मध्ये गंभीर स्वरूपाची खासगी माहिती होती. वैद्यकीय पत्रव्यवहार, प्रेमपत्रे, सुमारे ५,००० क्रेडिट कार्ड क्रमांक. एक डिस्क तर इलिनॉयमधील एका एटीएमची निघाली, वर्षभराच्या व्यवहारांसकट. त्यांचा अहवाल जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१०/
हे होते कसे? डॉसच्या काळापासून 'डिलीट'चा अर्थ 'पुसणे' असा नव्हताच. डॉस फाइलच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे एक खूण करी आणि ती जागा मोकळी असल्याचे नोंदवी. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जिथल्या तिथे. नोंदवहीतून घराचे नाव खोडावे आणि घर उभेच राहावे, तसे. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी खोडलेल्या फाइली परत आणणारी प्रणाली बाजारात आणली आणि तिच्यावर मोठा व्यवसाय उभा केला. वरवरचे 'फॉरमॅट'ही बहुधा नोंदवहीच कोरी करते. 'फॉरमॅट मारून दिलाय' हे दुकानदाराचे वाक्य त्या अर्थाने खरेही असते आणि अपुरेही.

११/
मग लोक दुसऱ्या टोकाला गेले. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी ३५ वेळा पुनर्लेखन करण्याची पद्धत मांडली. ती त्या काळच्या निरनिराळ्या प्रकारच्या चुंबकीय डिस्क एकत्र धरून केलेली होती. नव्या डिस्कला एवढ्या फेऱ्यांची गरज नाही, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केले. तरी '३५ वेळा' हा आकडा एखाद्या पारायणासारखा टिकून राहिला! एसएसडीचे गणित आणखी वेगळे. ती झीज वाटून घेण्यासाठी मजकूर सतत जागा बदलून लिहिते. आपण 'वरून लिहिले' असे समजतो, तेव्हा जुनी प्रत दुसऱ्या कोपऱ्यात सुरक्षित असू शकते. म्हणून तिथे ड्राइव्हच्या आतच दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. मी तीच दिली. काही क्षणांचे काम होते. मला वाटले होते, याला जास्त वेळ लागायला हवा.

१२/
तिसरी जागा सर्वांत नवी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑटोपायलट आणले. कंपनी यंत्राची ओळख आपल्या नावे दूरच्या सर्व्हरवर नोंदवते. पुढे डिस्क कोरी करा, नवी बसवा. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडले की पडद्यावर पुन्हा कंपनीच्याच खात्याची मागणी. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हेच घडले. दुकानदाराने यंत्र बदलून दिले. सगळेच देतात असे नाही.

१३/
शेतजमिनीच्या भाषेत सांगायचे तर कब्जा तुमचा, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. फेरफार करण्याचा अधिकार कंपनीच्या आयटी विभागाकडेच. चोरीविरुद्ध ही तजवीज उत्तमच आहे. पण कंपनीने यंत्रे रीतसर विकून नोंद रद्द करायची विसरली, तर दंड कोण भरतो? तिसऱ्या-चौथ्या हातातून घेणारा विद्यार्थी. १९८४ मध्ये किल्ली खिशात होती, आज ती आपण कधी न पाहिलेल्या इमारतीत आहे.

१४/
उरलेले थोडक्यात. कंपनीचा सामूहिक विंडोज परवाना आपल्याकडे येत नाही. यंत्रासोबत आलेली मूळ विंडोज-किल्ली मात्र २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत मदरबोर्डमध्येच असते. माझा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, विंडोज ११ ला साधारणतः आठवी लागते. आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. म्हणून लिनक्स मिंट टाकले. बॅटरी दोन तास टिकते. मोडी कागदांचे स्कॅन झटपट उघडतात.

१५/
जुन्या माणसाची एक खूण मात्र पुसता आली नाही. कीबोर्डवरील कंट्रोल, सी आणि व्ही या तीन कळा पार गुळगुळीत झाल्या आहेत.