मराठीतील ‘बोट’ : पाचूबंदरच्या संदर्भात काही विचार

‘दुसरा बाजीराव डिसेंबर १८०२ मध्ये बोटीने वसईस आला’ असे वाक्य कोणी लिहिले, तर त्यातील माहिती चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पराभव केल्यावर पेशवा कोकणात उतरला, इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोचला, व ३१ डिसेंबर रोजी तेथे तह झाला. तथापि हे वाक्य वाचताना मराठी वाचकाच्या मनासमोर जे वाहन उभे राहते, ते त्या काळी आपल्या किनाऱ्यावर अस्तित्वातच नव्हते. ही विसंगती इतिहासाची नसून शब्दाची आहे, आणि तिचा उगम शोधावयाचा तर ‘बोट’ या शब्दाचे मराठीत नेमके काय झाले हे पाहिले पाहिजे.

इंग्रजीत हा शब्द मुख्यतः आकारमानाचा वाचक आहे. लहान ती बोट, मोठे ते ‘शिप’. बोट शिपवर ठेवता येते, शिप बोटीवर ठेवता येत नाही, असा तेथील खलाशांचा ढोबळ नियम. पाणबुडीला मात्र ती कितीही मोठी असली तरी बोटच म्हणतात. पण अशा अपवादांमुळे नियम ढळत नाही. मराठीत याच्या नेमके उलट घडले. सहाशेंहून अधिक माणसांसह १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली ती ‘रामदास बोट’. सावरकरांनी १९१० साली मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली ती ‘मोरिया बोटी’वरून. दोन्ही इंग्रजी अर्थाने शिपे होती. लहान ती आपल्याकडे होडीच राहिली.

याचे कारण, माझ्या मते, ‘आगबोट’ या सामासिक शब्दात आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० साली वाफेच्या बळावर सुएझकडे निघाली, आणि वाफेची जहाजे पुढे किनाऱ्यावर नित्याची झाली. या नव्या वाहनाला मराठीने ‘आगबोट’ म्हटले. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली ती ‘आगगाडी’. दोन्ही शब्द एकाच साच्यातले. कालांतराने दोहोंतील ‘आग’ गळाली. परंतु गळाला तो उच्चार, अर्थ नव्हे. मुंबईचा चाकरमानी ‘आठ वीसची गाडी’ म्हणतो तेव्हा तो बैलगाडीविषयी बोलत नसतो. त्याचप्रमाणे कोकणचा उतारू ‘बोटीने जातो’ म्हणे तेव्हा शिडाचा मचवा त्याच्या मनात नसे. थोडक्यात, इंग्रजीत ज्या शब्दाचा भेदक गुण ‘लहानपणा’ होता, त्याचा मराठीतील भेदक गुण ‘यंत्र’ झाला.

या विधानाची कसोटी पाहावयास पाचूबंदरसारखे ठिकाण उपयोगी पडते. वसईच्या किल्ल्यालगतची ही कोळ्यांची वस्ती डोल जाळ्याने होणाऱ्या बोंबिलाच्या मासेमारीवर वाढली. वसईच्या पद्धतीचे गलबत आणि त्याच किनाऱ्यावर उत्तरेस सातपाटीच्या पद्धतीचे गलबत, असा भेद नौकाशास्त्राचे अभ्यासक करतात. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत कर्जे व सहकारी संस्था यांच्या साहाय्याने या गलबतांत डिझेल इंजिने बसू लागली. सांगाडा लाकडाचाच, सुतार तोच, नाळ आणि सुकाणू जेथल्या तेथे. तरी पाण्याखाली पंखा फिरू लागताच त्याच सांगाड्याला ‘बोट’ हे नाव लागले. येथे आकार बदललेला नाही, म्हणून तो अर्थभेदाचे कारण होऊ शकत नाही. मालक मात्र ‘नाखवा’च राहिला. हा शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आलेला, म्हणजे नावेचा स्वामी, त्यातील ‘ना’ आणि संस्कृत ‘नौ’ ही एकाच मुळाची भावंडे होत. किनाऱ्यावरच्या बोलीत ‘होरी’ हा उच्चारही ऐकू येतो, परंतु तो वल्ह्याच्या होडीपुरता.

लिंगाचा प्रश्न अधिक गमतीचा आहे. मराठीत हाताचे ‘बोट’ आधीपासून होते, आणि ते नपुंसकलिंगी. जहाज, गलबत, तारू हेही नपुंसकलिंगी. नव्या शब्दाने जहाजाचे लिंग घेतले असते तर ‘ते बोट’ असा दोन्हींचा संपूर्ण गोंधळ झाला असता. त्याने होडी, नाव व गाडी यांच्याकडून स्त्रीलिंग घेतले; त्यामुळे बोटे–बोटी, बोटात–बोटीत अशी रूपे स्वच्छ वेगळी राहिली. ‘त्याला बोट लागले’ म्हणजे स्पर्श झाला, ‘त्याला बोट लागली’ म्हणजे समुद्रावर मळमळू लागले, आणि ‘बोट धक्क्याला लागली’ म्हणजे प्रवास संपला! संदिग्धता टाळण्यासाठीच भाषेने हे केले असे म्हणण्याचा मोह होतो. पण मला तो आवरावासा वाटतो. भाषा असे हेतू धरून चालत नाही. होडीचे साम्य एवढे कारण पुरेसे आहे, भेद हा त्याचा लाभ.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधी एकदा येऊन गेला होता. शिडाच्या मालवाहू गलबताला ‘बतेला’ म्हणत. तो पोर्तुगीज ‘बातेल’वरून आला, ‘बातेल’ जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचांनी तो घेतला जुन्या इंग्रजीतील ‘बात’ या शब्दावरून, जो आजच्या ‘बोट’चा पूर्वज. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होती हे ध्यानी घेतले, म्हणजे या परिसराला या दुहेरी आगमनाचे विशेष महत्त्व आहे हे कळेल. बतेला पुल्लिंगी व शिडाचा, बोट स्त्रीलिंगी व यंत्राची. बोलणाऱ्याला त्यांच्यात नाते दिसत नाही. उलट दिशेनेही देवघेव झाली. युल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘बंदर-बोट’ असा जोडशब्द नोंदलेला आहे. नांगरलेल्या जहाजांपर्यंत ये-जा करणारी, मिठाच्या खात्यासारख्या सरकारी खात्यांचे अधिकारी किनाऱ्याने वापरीत ती ही नौका. पाचूबंदर, बोरीबंदर यांतले फारसी ‘बंदर’ असे इंग्रजी बोटीला येऊन चिकटले. पण त्या समासातील बोट इंग्रजी अर्थाची, म्हणजे लहान, हे विसरता कामा नये.

म्हणून इंग्रजी दफ्तरांचे भाषांतर करणाऱ्याने सावध असावे. जनरल गॉडर्डने १७८० साली वसई घेतली, त्या काळच्या कागदांत ‘बोट’ येईल तेथे होडी, मचवा, पडाव यांपैकी काय अभिप्रेत आहे ते संदर्भाने ठरवावे लागेल. ‘बोट’ तशीच ठेवली तर वाफेपूर्वीच्या समुद्रावर धूर दिसू लागेल. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी मजकुरात ‘बोट’ आली, तर ती लहान समजणे तितकेच चुकीचे.

सरकारी मराठीने या वादातून ‘नौका’ हा संस्कृत शब्द पुढे करून अंग काढून घेतले. तेथे ‘यांत्रिक नौका’ व ‘बिगर यांत्रिक नौका’ असे वर्ग पडतात. भेद तोच, यंत्राचा, फक्त विशेषणाने सांगितलेला. तलावावरच्या ‘बोटिंग’ने मात्र माझ्या नियमाला छेद दिला आहे हे मान्य केले पाहिजे: तेथे वल्ह्याची किंवा पायाने फिरवायची होडीसुद्धा बोट होते, कारण तो शब्द शाळेतल्या इंग्रजीतून नव्याने आलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर दरम्यान गाड्या वाहून नेणारी सेवा सुरू झाली. तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे, ‘रो-रो’. मराठी कानाला त्यात रडणे ऐकू येते. म्हणूनच की काय, पुष्कळ जण ‘रो-रो बोट’ म्हणतात.