रिसिनोलेइक अम्ल

एरंडाच्या बियांतील तेलात आढळणारे असंतृप्त हायड्रॉक्सी वसाम्ल. त्याच्या रेणूत १८ कार्बन, ३४ हायड्रोजन आणि ३ ऑक्सिजन अणू असतात. रेणुभार सुमारे २९८.५. एरंडाच्या (रिसिनस कम्युनिस) बीत साधारण निम्मे वजन तेलाचे असते, आणि त्या तेलातील वसाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के हे एकच अम्ल असते. ते तेलात मोकळे नसते, तर ग्लिसरॉलशी बांधलेले असते. जलापघटन करून ते वेगळे काढतात.

ओलेइक अम्लाशी याची तुलना केली तर फरक एवढाच दिसतो, की साखळीच्या बाराव्या कार्बनावर एक हायड्रॉक्सिल गट आहे. बी भरत असताना एक विकर ओलेइक अम्लावर हा गट बसवते. एरंडेल इतर तेलांहून दाट असते, अल्कोहोलात सहज विरघळते आणि खनिज तेलात मात्र नीट मिसळत नाही, या सगळ्याचे मूळ त्या गटात आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत इंधनाचे मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जाई. पेट्रोलबरोबर खनिज वंगण धुऊन निघे, एरंडेल टिके. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ वंगणाचे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरून आले.

उद्योगाच्या दृष्टीने खरी मौज आहे ती रेणू तोडण्यात. हायड्रॉक्सिल गट आणि नवव्या कार्बनावरचा द्विबंध जवळजवळ असल्यामुळे साखळी ठरावीक जागी तुटते, आणि कोठे तोडायची ते परिस्थिती बदलून ठरवता येते. दाहक सोड्याबरोबर सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत वा त्याहून अधिक तापवल्यास १० कार्बनांचे सेबॅसिक अम्ल आणि ८ कार्बनांचे कॅप्रिल अल्कोहोल मिळते. सेबॅसिक अम्लापासून नायलॉन ६१० बनते. त्याचे ताठ धागे ब्रशांच्या केसांसाठी वापरतात, आणि याच अम्लाची एस्टरे जेट इंजिनांच्या वंगणात जातात. उलट, मिथिल एस्टर करून सुमारे ५०० अंशांवर त्याचे तापविघटन केले, तर ७ कार्बनांचे हेप्टॅनाल आणि ११ कार्बनांचे अंडेसिलेनिक अम्ल हाती येते. हेप्टॅनालपासून जाईच्या वासाची सुगंधी द्रव्ये करतात. अंडेसिलेनिक अम्लाचे जस्ती लवण नायट्याच्या मलमात असते. फ्रान्समध्ये विकसित झालेले नायलॉन ११ (रिल्सन) याच अम्लापासून तयार होते. वाहनांच्या इंधननळ्या व हवाई ब्रेकच्या नळ्या त्याच्या करतात. ‘जैव प्लॅस्टिक’ हा शब्द जाहिरातीत येण्याच्या कितीतरी आधीपासून हे बहुवारिक वनस्पतीपासून बनत आले आहे.

तेलाचे हायड्रोजनीकरण केल्यास मेणासारखा घन पदार्थ मिळतो. त्यातील १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक अम्लाचा लिथियम साबण हा गॅरेजमधील बहुउपयोगी ग्रीजचा पाया होय. पाणी काढून टाकलेले एरंडेल दुसरा द्विबंध आल्याने सुकते, म्हणून रंग-व्हार्निशात चालते. सल्फ्यूरिक अम्लाची प्रक्रिया केलेले ‘टर्की रेड ऑइल’ एकोणिसाव्या शतकापासून कापडरंगणीत आहे; साबणानंतरच्या सर्वांत जुन्या कृत्रिम पृष्ठक्रियाकारकांपैकी ते एक. पॉलियुरेथेन, तसेच चॉकलेट ओतताना त्याचा दाटपणा कमी करणारे पॉलिरिसिनोलिएट हेही याच घराण्यातले.

औषधी उपयोग सर्वांत जुना. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल घेतले, की आतड्यातील लायपेज विकर हे अम्ल सुटे करते आणि ते आतड्याच्या स्नायूंतील प्रोस्टाग्लँडिनच्या ईपी-३ या ग्राहीला उत्तेजित करते. ही यंत्रणा २०१२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उलगडली. बीतील रिसिन हे जहाल विष प्रथिन असून त्याचा या अम्लाशी संबंध नाही. ते तेलात न येता पेंडीत राहते, म्हणून पेंड प्रामुख्याने खत म्हणून वापरली जाते.

जगातील बहुतांश एरंडाचे पीक भारतात, आणि त्यातले बहुतेक गुजरातेत होते. बनासकांठा, मेहसाणा, पाटण व कच्छ हे प्रमुख जिल्हे. तेल मोठ्या प्रमाणावर चीन व युरोपात जाते आणि सेबॅसिक अम्लासारखी अधिक मोलाची उत्पादने बरीचशी तिकडेच तयार होतात. एकाच प्रदेशावरचे हे अवलंबन कमी करण्यासाठी एरंडाचे विकर-जनुक ॲराबिडॉप्सिससारख्या वनस्पतीत घालून पाहिले गेले, पण तिच्या बियांतील हायड्रॉक्सी अम्लांचे प्रमाण एरंडाच्या जवळपासही पोहोचले नाही.