फक्त चौथ्या नंबरवर फिरणारा पंखा
#थ्रेड

१/११
मोटारीतील ब्लोअर पहिल्या तिन्ही नंबरांवर गप्प राहतो आणि चौथ्यावर मात्र वादळासारखा सुटतो. गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी ही तक्रार. या पंख्याचा प्रत्येक भाग वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आला. ती गरज समजली की बिघाडही सापडतो.

२/११
आरंभीच्या मोटारी उघड्या होत्या. थंड देशांत प्रवासी जाड पांघरुणे घेत आणि पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवत. बंद गाड्या आल्यावर इंजिनाच्या धुराड्याची उष्णता आत घेण्याची युक्ती निघाली. फोर्डच्या ‘मॉडेल ए’साठी असे हीटर मिळत. मात्र एखादा जोड फुटला, तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. त्याला ना रंग, ना वास.

३/११
सुरक्षित उष्णता इंजिनातच होती. त्याला थंड ठेवणारे पाणी स्वतः तापते. ते डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवले, की धुराचा संबंध उरत नाही. पण रेडिएटर नुसता तापून भागत नाही; त्यातून हवा ढकलावी लागते. म्हणजे पंखा हवा, आणि पंख्याला वीज.

४/११
ती वीज वेगळ्याच कारणाने आली. १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला. हँडल मारण्याचे कष्ट वाचवणे हा त्याचा हेतू. पण त्यासाठी बॅटरी आणि ती भारित ठेवणारी यंत्रणा गाडीत कायमची आली. पुढे गरम पाण्याच्या हीटरमागचा छोटा पंखा याच विजेवर फिरू लागला.

५/११
१९३८ साली नॅश कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. आतलीच हवा पुन्हा पुन्हा तापवण्याऐवजी बाहेरची ताजी हवा घेऊन, ती तापवून आत सोडण्याची व्यवस्था तिने केली. पुढच्याच वर्षी थर्मोस्टॅटची जोड मिळाली. ‘वेदर आय’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. १९३७ मध्येच नॅश आणि फ्रिज बनवणारी केल्विनेटर या कंपन्या एकत्र आल्या होत्या.

६/११
आजच्या ब्लोअरचे चाक मात्र पात्यांच्या साध्या पंख्यासारखे नसते. ते असंख्य अरुंद पात्यांचे, पिंजऱ्यासारखे असते. त्याचा धागा भारतात पोहोचतो. सॅम्युएल डेव्हिडसन हा आयरिश तरुण १८६४ साली आजच्या आसाममधील कछारच्या चहामळ्यात आला. पाने वाळवण्याची यंत्रे रचता रचता त्याने १८८१ मध्ये बेलफास्टला ‘सिरोको’ कारखाना काढला.

७/११
१८९८ च्या सुमारास त्याने पुढे वळलेल्या पात्यांचा केंद्रोत्सारी पंखा सिद्ध केला. असे चाक लहान जागेत, बेताच्या वेगानेही भरपूर हवा ढकलते. डॅशबोर्डखालच्या अडचणीच्या जागेला नेमके हेच हवे होते. या प्रकारच्या पंख्याला आजही ‘सिरोको’ म्हणतात.

८/११
आता मूळ कोडे. मोटारीची गती कमी करण्याचा जुना, स्वस्त मार्ग म्हणजे विजेच्या वाटेत रेझिस्टर घालणे. त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते. म्हणून रेझिस्टर हवेच्या मार्गातच बसवतात. शेवटच्या नंबरवर वीज त्याला वगळून थेट मोटारीकडे जाते. म्हणजे फक्त चौथा नंबर चालत असेल, तर मोटार शाबूत आहे. रेझिस्टर किंवा त्याचा कनेक्टर जळाला आहे.

९/११
तो जळतो का? पाने, धूळ किंवा तुंबलेला केबिन फिल्टर हवा अडवतो आणि रेझिस्टर थंड होत नाही. किंवा मोटारीचे बेअरिंग जड होऊन ती जास्त करंट ओढते. नवा रेझिस्टर काही दिवसांतच गेला, तर दोष मोटारीत शोधावा. वितळलेला कनेक्टर तसाच ठेवून नवा भाग जोडणे म्हणजे तोच बिघाड पुन्हा बोलावणे.

१०/११
एकाही नंबरवर पंखा फिरत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. मग मोटारीच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावावा. १२ व्होल्ट येत आहेत, अर्थिंग ठीक आहे, तरी पंखा स्तब्ध : मोटार गेली. हलके ठोकल्यावर ती क्षणभर फिरली, तर कार्बन ब्रश झिजले असावेत. फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा घालू नये. वायरिंग पेटू शकते. ऑटोमॅटिक एसीच्या अनेक गाड्यांत रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल असते. तिथे चौथ्या नंबरचा नियम लागू पडत नाही.

११/११
हा पंखा केवळ सुखसोय मानला जाई. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत प्रवासी मोटारींच्या काचेवरील हिम व धुके हटवण्याची यंत्रणा सुरक्षेच्या मानकाखाली आली. हिम नसलेल्या सह्याद्रीतही त्याचा अर्थ कळतो : पावसाळी घाटात काच आतून धुरकटते, आणि एसीची कोरडी हवा तिच्यावर सोडणारा पंखा हाच असतो. तेव्हा तो फक्त चौथ्यावर चालू लागला, तर मोटार बदलण्याआधी रेझिस्टर पाहावा, आणि तोही पाऊस सुरू होण्यापूर्वी.