हेन डोमेन : मातीने जपलेला लाकडी किल्ला

नॉर्मन किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी बुरूज येतो. पण १०६६ नंतर नॉर्मनांनी इंग्लंडात आणि वेल्सच्या सीमेवर घाईने उभारलेले बहुतेक किल्ले माती-लाकडाचे होते. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा उंच ढिगारा रचायचा, तो 'मॉट'. शेजारी मातीच्या तटाचं आवार, ती 'बेली'. एकाच खोदाईत खोलीही मिळते आणि उंचीही. आपल्याकडच्या गढ्या पाहिलेल्यांना हा हिशेब लगेच कळेल.

मॉन्टगोमेरी गावाजवळचं हेन डोमेन हे याचं उत्तम उदाहरण. वेल्श भाषेत नावाचा अर्थच 'जुना ढिगारा'. श्रूजबरीचा अर्ल रॉजर याने १०७०च्या दशकात सेव्हर्न नदीच्या उतारावर नजर ठेवायला तो बांधला. १०९५ मध्ये वेल्श लोकांनी तो जिंकला. पुढे तो बॉल्डविन द बोलर्सकडे आला. मॉन्टगोमेरीला वेल्शमध्ये आजही 'ट्रेफाल्डविन', म्हणजे बॉल्डविनचं गाव, म्हणतात. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने जवळच दगडी किल्ला बांधायला घेतला आणि जुन्याचं महत्त्व ओसरलं.

आज तिथे दिसतात ते फक्त उंचवटे, खंदक आणि झाडं. मग कळलं कसं? फिलिप बार्कर यांनी १९६० पासून तीसेक वर्षं तिथे उत्खनन केलं. जमिनीत रोवलेला खांब कुजला तरी खड्डा उरतो. पण आडव्या तुळईवर उभी केलेली इमारत जवळजवळ काहीच मागे ठेवत नाही. अरुंद चर खणला असता तर ती हातून निसटलीच असती. बार्करांनी मोठं क्षेत्र उघडं करून हातथापीने थर सोलले. दाटीवाटीच्या, पुन्हापुन्हा बांधलेल्या लाकडी इमारती सापडल्या. वस्तू मात्र मोजक्याच; सीमेवरचं जिणं खडतर होतं.

सर्वात मोलाची गोष्ट किल्ल्याच्याही खाली होती : नांगरलेल्या शेताचे वरंबे आणि सऱ्या. १०८६ चं डूम्सडे बुक या मुलखाला ओसाड, शिकारीचं रान म्हणतं. त्याआधी इथे कुणीतरी शेत कसत होतं, हे कागदाने नाही, तटाखाली दबलेल्या मातीने सांगितलं.

म्हणून, दगड दिसत नाही तर इथे काही नाही, असं समजून एखादं टेकाड सपाट करू नये. इमारत पुन्हा बांधता येते. थर एकदा विस्कटले की विस्कटलेच.